आसन रिकामं असताना

काम अगदी साधं होतं. एक यादी करायची होती.

आमच्या धर्मप्रांताचे बिशप, म्हणजे इथल्या सगळ्या चर्चचे प्रमुख, वारले त्याला तेव्हा महिना झाला होता. बिशप वारले की त्यांचं आसन रिकामं होतं, आणि नवे बिशप नेमले जाईपर्यंत चार-सहा महिने, कधीकधी वर्षही जातं. तेवढ्या काळापुरता आठ दिवसांच्या आत एक प्रशासक निवडतात. या खेपेला निवडले गेले फादरकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले. त्यानंतर माझी फी, माझे ताप, माझे परीक्षेचे फॉर्म, सगळं त्यांनी पाहिलं. पेपरच्या भीतीने मला उलट्या व्हायच्या, तर हा माणूस पांढरा झगा सावरत शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा. आई म्हणायची, "जगात तुझी दोनच माणसं आहेत, आणि त्यातली मी तर रोज ओरडते."

"ससुली, इतिहासात एमए केलंस ना?" फोनवर काका म्हणाले. "मग ये इकडे. धर्मप्रांताला सव्वाशे वर्षं होतायत, पुस्तक काढायचंय. आठ बिशपांची यादी आणि प्रत्येकाच्या काळात काय काय झालं, एवढंच. आठही जण वारलेत, कोणी चावणार नाही."

मी दचकणारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. दारावरची बेल वाजली तरी माझ्या हातातलं पडतं. म्हणून ते नेहमी असे विनोद करायचे.

बिशपांचं घर दुमजली आहे. खाली कचेरी, तिच्यामागे जुन्या कागदांची खोली, वर राहायच्या खोल्या. वरच्या मजल्यावर एक लांब बोळ आहे आणि त्याच्या भिंतीवर आठ बिशपांच्या तसबिरी. बोळ संपतो तिथे बिशपांची खोली. तिच्या दाराला आडवी कापडी पट्टी लावून तिच्यावर लाल लाखेचे शिक्के मारले होते. नवे बिशप येऊन स्वतः ते तोडेपर्यंत आत कोणी जायचं नाही, असा नियम. दुपारी ऊन त्या दारावर आलं की लाख मऊ पडायची आणि तिचा वास बोळभर सुटायचा. त्यात डांबरगोळ्यांचा वास, आणि अंत्यविधीच्या फुलांचा गोडसर कुबट वास. फुलं केव्हाच फेकली होती. वास काही जात नव्हता.

कचेरीत एक सिस्टर बसायच्या. त्यांना सगळे सिस्टर शिक्का म्हणायचे, अगदी तोंडावर. घरात येणारा प्रत्येक कागद आवक वहीत चढवायचा, त्याला नंबर द्यायचा, 'मिळाले' असा शिक्का मारायचा आणि घेणाऱ्याची सही घ्यायची, हा त्यांचा धर्म.

"शिक्का नसलेला कागद म्हणजे कागद नव्हे," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तो पतंग. कुठूनही येतो, कुठेही जातो."

"आणि शिक्का बसला की?"

"की मग आला. मग देवानेही म्हणू नये, आला नाही म्हणून."

काका त्या दिवसांत फार अस्वस्थ होते. सारखी बोटं मोडायचे. कड, कड, कड. प्रशासक म्हणजे नावाचा धनी. आसन रिकामं असताना काही बदलायचं नाही, हा चर्चचा फार जुना दंडक आहे. कोणाची बदली करायची नाही, नवं काही सुरू करायचं नाही. पण फादर लोक तर रोज दारात. कोणाला दुसरा धर्मग्राम, म्हणजे सांभाळायला दुसऱ्या गावचं चर्च हवं, कोणाचं शेजारच्या फादरांशी वाजलेलं.

"मी म्हणजे फलाटावर दुसऱ्यांचं सामान सांभाळत बसलेला माणूस," काका जेवताना म्हणायचे. "गाडी कधी येणार ते सांगता येत नाही, आणि जागचं उठताही येत नाही."

शेजारच्या मोठ्या चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे रोजचा प्रार्थनाविधी, तीही मला सोसवत नसे. प्रार्थनेत एका ठिकाणी आपल्या बिशपांचं नाव घेतात. आता घ्यायला नावच नव्हतं. काका तिथपर्यंत आले की इतक्या वर्षांच्या सवयीने क्षणभर थांबायचे. एक श्वास रिकामा जायचा. त्या रिकाम्या श्वासात वेदीजवळच्या बिशपांच्या उंच खुर्चीतून बारीक आवाज यायचा... लाकूड दबावं तसा. मी सिस्टरांकडे पाहायचे. त्या डोळे घट्ट मिटून असायच्या.

आठवडाभरात तीन बिशप झाले. चौथ्यांचा काळ लिहून झाला आणि मी पाचव्यांच्या फायली काढल्या, तेव्हा लक्षात आलं की दोघांच्या मध्ये अकरा महिने कोणीच नव्हतं. तेव्हाही आसन रिकामंच होतं. त्या अकरा महिन्यांची एक पातळ फाईल होती. तिच्यात पाच पत्रं होती, आणि पाचही बदलीची.

मजकूर एकच, टाइप केलेला. 'आपली बदली करण्यात येत आहे. नव्या धर्मग्रामी आपण उद्या दुपारी तीनपर्यंत हजर व्हावे.' खाली धर्मग्रामाचं नाव. पाचही पत्रांत तेच एक नाव. त्याखाली सही. बिशप सही करताना नावाआधी छोटा क्रूस काढतात. या पत्रांवर तो क्रूस होता. पुढे नाव नव्हतं.

मी पाचही पत्रं टेबलावर ओळीने मांडली. आसन रिकामं असताना बदली होत नाही. मग ही पाच पत्रं कोणी काढली? आणि एकाच धर्मग्रामावर एकामागून एक पाच फादर कशाला?

प्रत्येक फादरांचं एक कार्ड असतं. जन्म, दीक्षा, कुठे कुठे नेमणूक झाली, शेवटी मृत्यूची तारीख. मी त्या पाच जणांची कार्डं शोधली. पाचही ठिकाणी शेवटची नोंद त्याच धर्मग्रामाची. पुढे कोरं. मृत्यूची तारीख नाही. मग मी वारलेल्या फादरांची यादी काढली. ज्याची तारीख असेल त्या दिवशी त्याच्यासाठी प्रार्थना करतात, त्यामुळे त्या यादीत कधी चूक होत नाही. ते पाच जण त्यात नव्हते. हिशेब केला तर आज प्रत्येकाचं वय शंभरच्या पुढे जात होतं.

"सिस्टर, हा धर्मग्राम कुठे आहे?"

त्यांनी नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जुन्या खाणीपाशी होता. खाण बंद पडली, लोक उठून गेले. चॅपेलला कुलूप आहे. माझ्या आधीपासून यादीत नाही."

"मग हे पाच फादर..."

"तू आठ बिशपांचं लिही," त्या म्हणाल्या. "मधलं काय करायचंय तुला?"

त्याच दुपारी मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. दोन ते चार घर झोपलेलं असतं. पंखेसुद्धा पेंगत फिरतात. मी वर काकांच्या खोलीत डिंकाची बाटली आणायला गेले होते. बोळातून परत येताना... टक. मग बराच वेळ काही नाही. टक, टक. एका बोटाने कोणी टाइप करत असावं तसं. या घरातला शेवटचा टाइपरायटर वीस वर्षांपूर्वी भंगारात गेला, हे मला सिस्टरांनीच सांगितलं होतं. मी पट्टीकडे पाहिलं. लाखेचे शिक्के शाबूत होते. उन्हाने मऊ झाले होते, एवढंच.

जिना मी कसा उतरले ते मला आठवत नाही. डिंकाची बाटली दुसऱ्या दिवशी पायरीवर सापडली.

काकांना सांगितलं तर ते थकल्यासारखे हसले. "उन्हाने लाकूड तडकतं, ससुली. या घराला सव्वाशे वर्षांचा संधिवात आहे."

त्यानंतर चारच दिवसांनी मी ती चूक केली.

सिस्टरांची दाढ ठणकत होती. त्या दुपारी दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि टपालाचं मला सांगून गेल्या. त्या दिवसांत बिशपांच्या मृत्यूबद्दलची सांत्वनाची पत्रं ढिगाने यायची. सत्तर-ऐंशी पाकिटं असतील. मी एकेक घ्यायचे, नंबर, शिक्का, सही. नंबर, शिक्का, सही. काकांच्या नावाची पत्रं लहानपणापासून मीच घ्यायचे, पोस्टमन मला ओळखायचा. त्यामुळे 'प्रशासकांसाठी' असं लिहून खाली माझी सही करताना हात जराही अडखळला नाही. काकांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. शिक्क्याच्या लयीत मला बरंसुद्धा वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी मी कशालाही दचकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला सिस्टर वही तपासत होत्या. गाल सुजलेला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंयस?"

माझंच अक्षर होतं. कोणाला, या रकान्यात 'प्रशासक'. कोणाकडून, या रकान्यात 'बिशप'.

"पाकिटावर तसं असेल..." मी म्हणाले. "मी वाचून उतरवलं असेल, सिस्टर... लक्षच नव्हतं माझं."

"तिकीट होतं त्याच्यावर?"

मला तिकीट आठवेना. काहीच आठवेना.

मी वर धावले. काका पलंगाशी उभे होते. पलंगावर त्यांची जुनी बॅग उघडी होती आणि ते दोन झगे घडी करून तिच्यात ठेवत होते. टेबलावर पत्र पडलं होतं. मला ते वाचायची गरज नव्हती. तीच दोन वाक्यं, त्याच धर्मग्रामाचं नाव, तोच क्रूस. शेजारी पाकीट, त्याच्या डाव्या कोपऱ्यात 'मिळाले' आणि माझी सही.

"काका, हे कोणी पाठवलंय?"

"बदली आहे," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "तीनपर्यंत पोचायचंय."

"बिशप नाहीत, काका! तुम्ही स्वतः त्यांना पुरलंत!"

"आसन आहे ना."

"तुम्हीच म्हणता, आसन रिकामं असताना कोणाची बदली..."

"मी करायची नाही," ते म्हणाले, आणि मोजे बॅगेच्या कोपऱ्यात सारले. "माझी झालेली मला मोडता येत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? त्यांचा चेहरा हलका झाला होता. कितीतरी आठवड्यांनी गाडी आली होती आणि त्यांना जागचं उठता येणार होतं. "आईला सांग, मी कळवीन."

मी बाही धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून, न दुखवता सोडवली.

घराच्या मागच्या अंगाला एक म्हातारे फादर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, ठार बहिरे, दिवसभर रेडिओ लावून बसतात. त्यांच्या कानाशी ओरडायला लागतं.

"फादर! जुन्या खाणीपाशी बदली झाली तर काय होतं?"

त्यांनी रेडिओ बंद केला. तो चालू आहे हे त्यांना कळत तरी होतं की काय, देव जाणे.

"कोणाची?"

मी सांगितलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "आमची दीक्षा होते ना, तेव्हा आम्ही गुडघे टेकतो. दोन्ही हात जोडून बिशपांच्या हातांत देतो. ते विचारतात, माझी आज्ञा पाळशील? आणि माझ्या मागून येणाऱ्यांची? आम्ही म्हणतो, पाळीन." त्यांनी आपले सुरकुतलेले हात जोडून दाखवले. "समोर कोण आहे ते आपण बघतो, पोरी. मागून कोण येणार, ते कोणी बघितलेलं असतं?"

"त्या वेळी सहा पत्रं आली होती," ते म्हणाले. "सहावं मला. नवा होतो, चोवीस वर्षांचा. भित्रा होतो, तुझ्यासारखा. पाकीट घेतलंच नाही. कारकुनाने पुढे केलं, मी हात मागे घेतले. म्हणून इथे बसून रेडिओ ऐकतोय."

"तुम्हाला ऐकू कुठे येतं, फादर?" माझ्या तोंडून निघून गेलं. भीतीने माणूस काहीही बोलतो.

ते खुदकन हसले, आणि लगेच गंभीर झाले. "त्याने घेतलं का पाकीट? सही केली?"

"सही... सही माझी आहे, फादर."

"तुझी?"

"त्यांच्यासाठी म्हणून केली मी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. बाबा गेले त्या दिवशी लोक माझ्याकडे असंच पाहत होते. "मग ज्याने घेतलं त्याने परत करावं," ते हळूच म्हणाले. "चालतं की नाही, मला ठाऊक नाही. आजवर कोणी केलं नाही. आम्हाला नाही म्हणायची सवयच नाही ना..."

पावणेतीन वाजले होते. मी पुढच्या दाराशी आले तेव्हा काका जिना उतरून अंगणात गेले होते. हातात बॅग, ताठ मान, एकदाही मागे न पाहता चाललेले. सिस्टर त्यांच्यामागे पायऱ्यांपर्यंत धावल्या होत्या. "फादर, ऐका तरी! त्या पत्रावर जावक नंबर नाहीये! नंबर नाही ते पत्रच नव्हे!" काकांनी फाटक उघडलं, बाहेर जाऊन नीट लावून घेतलं आणि भिंतीच्या कडेने डावीकडे वळले. रस्त्यावर दुसरं माणूस नव्हतं. ऊन पांढरंफेक होतं.

मी वर गेले. पत्र टेबलावरच होतं. ते पाकिटात घालून बिशपांच्या दाराकडे निघाले तर मागोमाग वर आलेल्या सिस्टरांनी मला अडवलं.

"काय करतेस?"

"परत देतेय!"

"आधी नोंद कर!" त्या ओरडल्या. त्यांच्या सुजलेल्या गालावरून पाणी ओघळत होतं. "नोंदीशिवाय दिलेलं परत दिलेलं नसतं!"

तुम्हाला हसू येईल. पण मी ती वेडी नोंद केली. खाली जाऊन जावक वही उघडली, नंबर टाकला, पाकिटावर आडवं लिहिलं, 'स्वीकारले नाही. परत.' सिस्टरांनी शिक्का मारला. मी पुन्हा वर धावले.

बोळात लाखेचा वास दाटला होता, श्वास घेववत नव्हता. आठ तसबिरींपुढून मी खाली मान घालून गेले. दाराशी पोचले तर आत... टक. टक, टक. अगदी सावकाश. काम संपलेल्या माणसाला कसलीच घाई नसते तसं.

मी खाली वाकले. पत्र दाराखालच्या फटीत सरकवलं.

टाइपचा आवाज थांबला.

पत्र अर्धं आत, अर्धं बाहेर. मी ढकलत होते आणि ते पुढे जात नव्हतं. आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग पावलं नाहीत, काही नाही. फक्त माझ्या बोटांखालचा कागद हलका ताणला गेला. आतून कोणी धरला होता. ओढत नव्हतं. नुसतं धरून ठेवलं होतं... आणि मीही धरून होते. आपल्याला सोडायचं आहे, हे माझ्या बोटांना कळतच नव्हतं.

"मी सही केली होती," मी कुजबुजले. "माझी चूक झाली. ते येणार नाहीत. त्यांना परत द्या..."

खाली कचेरीतल्या घड्याळात तीनचे ठोके पडले. पत्र झटक्यात आत गेलं.

किती वेळ मी जमिनीवर बसले होते कोण जाणे. मग मागून आवाज आला.

"ससुली? इथे काय करतेस?"

काका होते. बोळात माझ्यामागे उभे. मी उठून त्यांना मिठी मारली आणि लहान मुलीसारखी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुम्ही आलात... फाटकाबाहेर गेला होतात..."

"कुठे जाणार मी?" ते हसले. "वामकुक्षी घेत होतो."

"आणि बॅग?"

"कसली बॅग?"

आम्ही खाली आलो. सिस्टर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी वर गेल्यापासून त्या तिथून उठल्या नव्हत्या. वर जायला तो एकच जिना आहे. त्यांनी काकांना पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप छातीशी गेला. काका पुढे गेल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या.

"माझ्यासमोरून कोणी वर गेलं नाही गं..."

"घाईत दिसलं नसेल, सिस्टर."

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच असेल." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. मला काका हवे होते, काका मिळाले होते. मी कशाला विचारू?

चार महिन्यांनी नवे बिशप आले. सगळ्यांसमोर त्यांनी लाख तोडली. आत पलंग, कपाट, टेबल, खुर्ची. टाइपरायटर नव्हता. खालच्या फटीपाशी कागदाचा कपटासुद्धा नव्हता, मी वाकून पाहिलं. प्रशासकपद संपलं आणि काका बिशपांचे सहायक म्हणून त्याच घरात, त्याच खोलीत राहिले. पुस्तक छापून झालं. त्या अकरा महिन्यांवर मी एकच ओळ लिहिली, 'या काळात आसन रिक्त होते.' मला कचेरीत कायमची नोकरी मिळाली. सिस्टर निवृत्त होऊन दुसऱ्या मठात गेल्या आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. म्हातारे फादरही एका सकाळी झोपेतच गेले. त्यांची तारीख मी स्वतः यादीत चढवली.

काका आता बरे असतात. पूर्वीसारखी तगमग नाही. रात्री शांत झोपतात, बोटं मोडत नाहीत. आई म्हणते, "प्रशासकपद सुटलं आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला." जेवताना ते कमी बोलतात. माझ्या दचकण्यावर विनोद करत नाहीत. पण माझ्याशी फार प्रेमाने वागतात, कधीकधी काम करता करता मान वर केली तर दारात उभे राहून माझ्याकडे बघत असतात. वयाप्रमाणे माणूस बदलतोच.

वर्ष संपलं की प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीची नक्कल आमच्या कचेरीत पाठवायची असते. बहुतेक टपालाने येतात, काही कोणाच्या तरी हाती. गेल्या सोमवारी दुपारी अडीच-पावणेतीनला एक बाई आली. चाळिशीची असेल, साधीसुधी, पायांवर धूळ, घाम पुसत होती. भुताखेतासारखं काही नव्हतं तिच्यात. तिने पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"बऱ्याच लांबून आलात?" मी विचारलं.

"जुन्या खाणीपासून. फादरांनी पाठवलंय."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते तिने उचलून दिलं.

"तिथे... तिथे कोणी राहत नाही ना?"

"आहोत की, थोडी घरं. चॅपेल बंद होतं, पण मागच्या वर्षी फादर आले ना. एका दुपारी बॅग घेऊन चालतच आले. कुलूप उघडलं, झाडून घेतलं. पाच म्हातारे फादर आधीपासून आहेत तिथे, पण ते काही बोलत नाहीत. हे बोलतात. मुलांची थट्टा करतात. फार चांगला माणूस."

मी कागद उलगडला. चार बाप्तिस्मे. पहिला, काका फाटकाबाहेर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सहीचं शेवटचं अक्षर खाली ओढून डावीकडे वळवलेलं. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती सही आहे.

"त्यांनी... काही निरोप दिलाय?"

"हो, विचारायला सांगितलंय." बाई जरा संकोचली. दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट विचारताना माणूस संकोचतो तशी. "ते रोज विचारत असतात, तुम्ही बऱ्या आहात ना म्हणून. आणि म्हणाले, जमलं तर एवढं विचारून ये... त्यांच्या खोलीत आता कोण राहतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वर खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून काकांनी अगदी मायेने हाक मारली, "कोण आलंय गं खाली?"